गरोदर बाईचा सन्मान कार्डावर कोण नोंदवणार?

वस्तीतली गरोदर बाई उपकेंद्रात तपासणीला जाते. तिचे वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन कार्डावर नोंदले जाते. तिला कोणत्या शब्दांत बोलले गेले, याची नोंद होत नाही. 'पुन्हा दिवस गेले का?' असे सर्वांदेखत हिणवणे, पडदा न ओढता पोट तपासणे, अंगाला हात लावायचे टाळणे याला आम्ही अपमानच म्हणतो. अपमानित बाई पुढच्या तपासणीला येत नाही आणि वाढलेला रक्तदाब वेळेत कळत नाही. त्यात जीवही जातो.

बाळंतपणाआधीची विश्रांती राष्ट्रहिताची आहे, हे बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात ठणकावून सांगितले. २०१९ च्या 'सुमन' योजनेने मोफत व सन्मानपूर्वक सेवेची हमी दिली. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीला आरोग्य केंद्रात जाण्यापासून अडवणे हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीने गुन्हा ठरला.

नर्सभगिनींवर कामाचा बोजा आहे, हे आम्ही जाणतो. पण त्याचा राग गरीब बाईवर का? कार्यकर्त्यांनो, आपल्या उपकेंद्रात पडदा आहे का ते पाहा. तक्रार लेखी द्या आणि पोच घेतल्याशिवाय परतू नका.