मालिकेतली गुराब आणि तुमचा संशोधन-प्रश्न

‘स्वराज्यरक्षक संभाजी’ (२०१७-२०) ही मालिका जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात जरा जास्तच आपुलकीने बघितली गेली. संभाजी महाराजांची भूमिका करणारे अमोल कोल्हे नारायणगावचे, म्हणजे घरचेच. घाटावरच्या या भागात मालिकेतल्या जहाजावरून वाद रंगतो, तेव्हा प्रश्न ठरलेले असतात: गुराबेला डोलकाठ्या दोन की तीन? तोफा पुढे की बाजूला? पीएचडीचा प्रस्ताव लिहायला बसणाऱ्यांनी हा वाद नीट ऐकावा, कारण त्यात प्रत्येकजण नकळत कुठला ना कुठला पुरावा वापरत असतो.

गुराबेचं जे वर्णन सगळीकडे फिरतं, ते बहुतांशी रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराचं. दोन डोलकाठ्यांची गुराब साधारण १५० टनांपर्यंत, तीनची ३०० टनांच्या आसपास. नाळ लांब आणि टोकदार. दोन तोफा नाळेवरून थेट पुढे मारा करणाऱ्या, शिवाय बाजूच्या तोफा वेगळ्या. गलबत लहान, फार तर ७० टनांचं, पण ४०-५० वल्ह्यांमुळे चपळ. म्हणजे ‘पुढे की बाजूला’ या भांडणात दोघेही बरोबर!

पण थांबा. ऑर्म लिहितोय आंग्र्यांच्या आरमाराबद्दल, १७५६ला विजयदुर्ग पडला त्या सुमाराच्या. संभाजी महाराजांची जंजिरा मोहीम १६८२ची. मधे सत्तरेक वर्षं आहेत. ‘तोच किनारा, तेच सुतार, मग जहाजही तेच’ असं कुणी म्हणेल. शक्य आहे, पण ते गृहीतक झालं आणि प्रस्तावात ते गृहीतक म्हणूनच लिहायचं. माझ्या मते बहुतेक प्रस्ताव नेमके इथेच घसरतात: संदर्भ खरा असतो, काळ दुसराच असतो.

काळाने जवळचा पुरावा हवा तर १६७९ची खांदेरीची लढाई बघा. तेव्हाच्या मुंबई-सुरतेच्या इंग्रजांचा पत्रव्यवहार उपलब्ध आहे. त्यात ‘डोव्ह’ नावाची गुराब मराठ्यांच्या हाती लागल्याचं कळतं. ही गुराब इंग्रजांची होती! शब्दही मूळ अरबी, अर्थ कावळा. त्यामुळे ‘गुराब म्हणजे मराठ्यांचं जहाज’ हे समीकरण टिकत नाही. एकच नाव अनेकांच्या ताफ्यांत फिरत होतं आणि नाव सारखं म्हणून बांधणी सारखी, असं धरता येत नाही. शिवाय ही पत्रं शत्रूची. हरलेला माणूस समोरच्याची जहाजं मोजताना हात सैल सोडतो. आकडे जपून घ्या, जहाजांचे प्रकार मात्र उपयोगी पडतात.

जुन्नरकर वादात आणखी एक हुकमी पत्ता टाकतात: सातवाहनांचं नाणं. यज्ञश्री सातकर्णीच्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचं जहाज आहे हे खरं. नाणेघाट आपला, सातवाहन आपले, हेही खरं. पण ती नाणी मुख्यतः पूर्व किनाऱ्याकडची आणि इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातली. कोकणातल्या सतराव्या शतकातल्या जहाजाबद्दल ती काहीच सांगत नाहीत. अभिमान बाजूला ठेवून एवढं मान्य करणं गावात जड जातं, तोंडी परीक्षेत त्याहून जड.

तेव्हा ‘मालिकेतलं जहाज खरं होतं का?’ हा प्रश्न घेऊ नका. ‘१६७९ ते १६८९ या काळातल्या इंग्रजी पत्रांत गुराब हा शब्द कुठल्या जहाजांना लावलाय?’ हा घ्या. यात काळ ठरलेला आहे, साधनं ठरलेली आहेत आणि उत्तर चुकीचं ठरू शकतं. डोलकाठ्यांचा निकाल कदाचित तरीही लागणार नाही. तीन वर्षांत निदान कुठली पानं वाचायची ते मात्र पहिल्याच दिवशी माहीत असेल.