दहावीनंतर काय? निर्णय माहितीवर हवा

दिघीशेजारी भोसरी एमआयडीसी, पुढे चाकण. इथल्या मुलांचा दहावीनंतरचा निर्णय बहुधा गुण, घरची कमाई, मित्रांची निवड आणि कारखान्यात लवकर मिळणारे कंत्राटी काम यांवर ठरतो. आवड आणि माहिती मागे राहते.

आयटीआय म्हणजे शिक्षणाचा शेवट नव्हे. दोन वर्षांच्या आयटीआयनंतर डिप्लोमाच्या आणि डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. खर्चासाठी महाडीबीटीवर भारत सरकार शिष्यवृत्तीचा अर्ज भरावा. त्यासाठी जातीचा व उत्पन्नाचा दाखला वेळेत काढावा.

1907 साली बाबासाहेब मॅट्रिक झाले. पुढील शिक्षणासाठी केळुसकर गुरुजींनी सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला, शिष्यवृत्ती मिळाली. विहारात येणाऱ्या प्रत्येक शिकलेल्या तरुणाने यंदा दहावीच्या एका मुलाला तरी अशीच वाट दाखवावी.

जय भीम!