पस्तिशीनंतरची नवी बाराखडी

पस्तिशी उलटली की लागलेली नोकरी सोडू नये, असे आपल्याकडे मानतात. ते व्यवहाराला धरूनच आहे. तरीही उद्यमबागेतल्या एका कारखान्याच्या हिशेब खात्यातली बारा वर्षांची नोकरी मी सोडली आणि आज कॉलेजात जर्मन शिकवते. ‘आम्हाला जमेल का?’ असे विचारायला अनेकजण घरी येतात. त्यांच्यासाठी हे चार शब्द.

पहिली गोष्ट वेळेची आणि पैशांची. युरोपात परभाषेच्या ज्ञानाच्या ए१ ते सी२ अशा सहा पायऱ्या मानतात. चौथ्या, म्हणजे बी२ पायरीपर्यंत जायला ४५ मिनिटांच्या ६०० ते ८०० तासिका लागतात, असा गोएथे इन्स्टिट्यूटचा अंदाज आहे. शिकवायचे तर त्याच्याही वर जायला हवे. सुरुवातीच्या पायऱ्या मी नोकरी सांभाळून चढले. एम.ए.साठी मात्र दोन वर्षे पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये काढली. मुलगा तेव्हा चौथीत होता. त्याला सासूबाईंनी सांभाळले आणि घर यजमानांच्या एका पगारावर चालले. परतल्यावरही माझा जुना पगार गाठायला बराच काळ गेला. हा हिशेब घरातल्या सगळ्यांसमोर आधीच मांडावा.

दुसरी गोष्ट आपल्या जमेची. घरात मराठी, बाजारात कन्नड, पाहुण्यांत कोकणी असा आपला सीमाभाग. जर्मनमध्ये मराठीसारखीच तीन लिंगे आहेत. तिथे सूर्य स्त्रीलिंगी, चंद्र पुल्लिंगी आणि मुलगी, म्हणजे ‘मेडशेन’, चक्क नपुंसकलिंगी! वर्ग हसतो, पण कोकणी बोलणारी मुलगी हसत नाही, कारण तिच्या ‘चेडूं’चेही लिंग तेच. जर्मन गौणवाक्यात क्रियापद शेवटी जाते, तेही मराठी-कन्नड कानाला परके वाटत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. भाषा येणे वेगळे आणि शिकवता येणे वेगळे. माझ्या संध्याकाळच्या वर्गाला परिचारिका येतात. जर्मनीत परिचारिका म्हणून पूर्ण मान्यता मिळवायला साधारणपणे बी२ लागते. त्यांच्यापैकी काहींच्या घरी या शिक्षणासाठी कर्ज काढलेले असते. त्यांना केवळ विभक्तींचे तक्ते देऊन भागत नाही. ‘कुठे दुखते?’ हे विचारता आले पाहिजे आणि रुग्णाचे उत्तर कळलेही पाहिजे. दिवसभराच्या ड्यूटीनंतर माणसाच्या डोक्यात किती शिरते, हे मला कारखान्याने शिकवले. म्हणून त्यांचा पहिला अर्धा तास मी फक्त बोलण्याला देते. जुनी नोकरी वाया जात नाही, ती अशी उपयोगी पडते.

म्हणून राजीनामा लिहिण्याआधी निदान ए१ आणि ए२ या परीक्षा द्या, ओळखीच्या दोन मुलांना महिनाभर शिकवून पाहा. त्यानंतरही पहाटे उठून शब्द पाठ करावेसे वाटले, तर वयाकडे पाहू नका.