मलिन वस्त्राला रंग चढत नाही

पुरुषांचे आरोग्य : लेखांक सातवा

गेल्या लेखांकात रक्तदाबाचा विचार झाला. आज ज्या तक्रारीकडे वळावयाचे आहे, तिचे नाव काढताच निपाणीच्या बाजारात चारचौघांत मोठ्याने बोलणारा गडीही खाली पाहतो. ती तक्रार म्हणजे संभोगसमयी इंद्रियाला पुरेशी ताठरता न येणे, किंवा आलेली न टिकणे. ‘नामर्दी’ हा शब्द आपण आरंभीच दप्तरातून खारीज करू, कारण त्याने निदान काहीच होत नाही, अपमान मात्र होतो. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1927 साली ‘समाजस्वास्थ्य’ काढून अशा विषयांवर स्वच्छ मराठीत लिहिण्याची वाट पाडली, तिला आता शतक होत आले. तरी आमच्या सीमाभागातील गृहस्थ दवाखान्याची पायरी चढण्यापूर्वी रस्त्याकडेच्या जडीबुटीच्या तंबूत शिरतोच.

वास्तविक आयुर्वेदाचा दाखला द्यावयाचा तर तो या तंबूवाल्यांच्या विरुद्धच जातो. वाजीकरण हे आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक. आणि त्याच प्रकरणात चरकसंहिता बजावते, की आधी शरीराचे शोधन करावे, कारण मळलेल्या वस्त्राला जसा रंग चढत नाही, तसे मलिन देहात वाजीकरणाचे योग सिद्ध होत नाहीत. शहापूर-वडगावच्या विणकराला हे निराळे समजावून सांगावे लागू नये. तेलकट राहिलेले सूत रंगात बुडविले, तर रंग डागाडागांनी बसतो आणि बोल मात्र रंगाला लागतो.

चरकाला अभिप्रेत असलेले शोधन निराळे. पण त्या दृष्टांताला आधुनिक शरीरशास्त्रात आधार सापडतो. कामोद्दीपन झाले, की मज्जातंतूंतून आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटते, धमन्या सैलावतात व इंद्रियात रक्त भरते. या वायूचे निरोप्याचे कार्य उकलल्याबद्दल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना 1998 साली नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्याच वर्षी या तक्रारीवरील सिल्डेनाफिलची गोळी अमेरिकेत विक्रीस आली. ही गोळी केवळ अंमलदार आहे. वरून हुकूम सुटला तर त्याचा अंमल ती लांबविते, हुकूमच क्षीण असेल तर तीही हतबल होते. आणि हा हुकूम क्षीण करणारी मंडळी ठाऊक असलेलीच आहेत : मधुमेह, रक्तदाब, मेद आणि तंबाखू.

तंबाखूच्या भावासाठी आमच्या निपाणीच्या शेतकऱ्यांनी 1981 साली महामार्ग अडविला, तो हक्काचाच लढा होता. पण त्याच पानाची बिडी ओढणाऱ्याच्या रक्तवाहिन्या जी किंमत मोजतात, तिचा हिशेब कोणत्याही वखारीच्या वहीत नाही. इंद्रियाच्या धमन्या एक-दोन मिलिमीटर रुंदीच्या, हृदयाच्या तीन-चार. तेव्हा अरुंद वाट आधी बुजते, आणि ही तक्रार पुष्कळदा हृदयविकाराच्या काही वर्षे अगोदर आलेली इत्तिला ठरते.

म्हणून प्रथम प्रकृतीची डागडुजी. इटलीत 110 स्थूल पुरुषांवर झालेल्या व 2004 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आहार व व्यायामाचे तपशीलवार मार्गदर्शन मिळालेल्या गटापैकी सुमारे एकतृतीयांश जणांची शक्ती दोन वर्षांत पूर्ववत झाली. तेव्हा टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोवर रोज अर्धा तास झपझप चालणे, बिडी व मळलेली तंबाखू अजिबात सोडणे, मद्याला आळा, पुरेशी झोप, आणि कुंद्याचा द्रोण सणावारापुरता राखणे, ही तजवीज स्वस्तही आहे आणि हृदयालाही मानवते.

मात्र ‘आधी प्रकृती’ याचा अर्थ डॉक्टरांची भेट तहकूब करणे असा कोणी करू नये. रक्तातील साखर, रक्तदाब व मेद यांची तपासणी पहिल्याच आठवड्यात व्हावी. चालताना छातीत कळ येत असेल तर त्याच दिवशी. रक्तदाबाच्या किंवा मनोविकाराच्या काही औषधांनीही हा दोष उद्भवतो, पण ती आपल्या मनाने बंद करू नयेत. पहाटे ताठरता येत असेल आणि प्रसंगी येत नसेल, तर मूळ बहुधा चिंतेत असते, आणि तेथे पत्नीशी मोकळे बोलणे हाच उपचाराचा आरंभ होय. तंबूतील पुड्यांचा मोह तर टाळावाच. ‘वनौषधी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक मालांत छुपे सिल्डेनाफिल आढळले आहे, आणि हृदयासाठी नायट्रेट घेणाऱ्याचा रक्तदाब त्याने प्राणघातक रीतीने उतरू शकतो.

गोळ्यांचा व अन्य उपचारांचा विचार पुढील लेखांकी करू; तोवर वाचकाने एक सकाळ उपाशीपोटी रक्त देण्यासाठी राखून ठेवावी.