विमान उतरविण्याची विद्या

विमान उडविणें कठीण कीं उतरविणें कठीण, हा प्रश्न ज्यांचा मुलगा किंवा मुलगी ही विद्या शिकत आहे त्या घरांतून हटकून निघतो. आमचें उत्तर असें कीं, उडण्यास विमान स्वतःच उत्सुक असतें. उतरविणें मात्र सर्वस्वीं माणसाचें काम. १९२८ सालीं मुंबईस जुहू येथें फ्लाइंग क्लब निघाला व पुढल्याच वर्षीं श्री. जे. आर. डी. टाटा यांनीं परवाना मिळविला. तेव्हांपासून आज बारामतीस व धुळ्यास शिकणाऱ्या विद्यार्थ्यांपर्यंत यंत्रें बदललीं, ही अडचण बदलली नाहीं.

नवशिक्याची पहिली चूक डोळ्यांची. जमीन जवळ आली कीं त्याची दृष्टि नाकापुढील डांबरावर खिळते; तें इतक्या वेगानें मागें पळतें कीं उंचीचा अंदाज मुळींच येत नाहीं. भोर तालुक्यांतील शिवऱ्यावरून साताऱ्याकडे मोटार हांकणारा गृहस्थ चाकापुढें पाहत नाहीं, दूर रस्त्यावर नजर ठेवतो. म्हणून गाडी सरळ राहते. वैमानिकानेंही अखेरीस दृष्टि धांवपट्टीच्या दूरच्या टोंकाकडे न्यावी. मग जमीन किती जवळ आली, हें नजरेच्या कडेनेंच कळतें.

पण चांगलें उतरणें याच्या बरेंच आधीं ठरतें. सेस्ना १५२ सारखें लहान विमान ताशीं सुमारें ११० ते १२० किलोमीटर वेगानें खालीं येत असतां नेमलेली जागा समोरच्या कांचेंत स्थिर दिसली पाहिजे. ती वर सरकली तर विमान अलीकडेच पोहोंचणार. खालीं सरकली तर पुढें जाणार. वेग थोडा अधिक असलेला बरा, असें पुष्कळांस वाटतें. हा समज घातक आहे. असें विमान जमिनीलगत तरंगत राहतें आणि अधीर विद्यार्थी तें बळेंच खालीं दाबतो. पुढचें चाक आधीं आदळतें, विमान उसळतें, घाबरून तो पुन्हा नाक दाबतो. दुसरी उसळी पहिलीहून मोठी. पुढच्या चाकाचा दांडा मोडतो तो येथें. वास्तविक नाक हळूहळू उचलीत विमानास टेंकूं न देण्याचाच प्रयत्न करावयाचा. वेग संपला कीं मागचीं दोन चाकें आपण होऊन टेंकतात.

उसळी मोठी असेल, किंवा मार्गच बिघडला असेल, तर इंजिनास पूर्ण जोर देऊन वर जावें व पुन्हा फेरी घ्यावी. हातीं घेतलेलें तडीस न्यावें, असें आपण मुलांस शिकवितों; येथें तो हट्ट जिवावर बेततो. व्यापारी परवान्यास २०० तासांचें उड्डाण लागतें, शुल्कही तासावर, तेव्हां पालकांस ती जादा फेरी महाग वाटते हें आम्ही जाणतों. तरीही सुटींत घरीं आलेल्या मुलीस, "आज कितीदां परत फिरलीस?" असें हंसून विचारणारी आई आम्हांस शहाणी वाटते.

शिक्षक विमानांतून उतरून विद्यार्थ्यास प्रथम एकटें पाठवितो तो याच गोष्टीचा भरंवसा वाटल्यावर. एका माणसाचें वजन कमी झालेलें विमान लवकर वर चढतें आणि उतरतांना अधिक तरंगतें, हें मात्र त्यानें आधींच सांगून ठेवावें.