कार्डावरची दुसरी रेघ

मी मूळची जोयडा तालुक्यातली. चार वर्षांपासून गडचिरोली जिल्ह्यात लॅब टेक्निशियन आहे. तिथे पहिल्याच आठवड्यात सिकल सेलचं कार्ड वापरायला शिकताना सरावासाठी मी माझंच बोट टोचलं. पाच मिनिटांत 'ए'ची रेघ उमटली आणि तिच्या शेजारी 'एस'ची. आमच्या मॅडम शांतपणे म्हणाल्या, "तू वाहक आहेस. आजारी नाहीस." पुढे एचपीएलसी यंत्रावरही तेच आलं.

सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. हिमोग्लोबिनमध्ये एका अमिनो आम्लाची अदलाबदल होते आणि तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. बारीक रक्तवाहिन्यांत त्या अडकल्या की हाडं-सांधे असह्य दुखतात. सदोष जनुक आई-वडील दोघांकडून आलं तर आजार, एकाकडूनच आलं तर माणूस वाहक. तो बहुतेक वेळा माझ्यासारखा ठणठणीत असतो. वाहकाला मलेरियापासून थोडं संरक्षणही मिळतं. म्हणून हिवतापाच्या पट्ट्यांत हे जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकलं. आमच्या सुप्याच्या रानातल्या हिवतापाच्या गोष्टी आजीकडून ऐकल्या होत्या, त्या तेव्हा आठवल्या.

कार्ड दिसायला प्रेग्नन्सी टेस्टसारखंच. रक्ताचा थेंब द्रावणात मिसळायचा, काही थेंब कार्डावर सोडायचे, की कागदावरची प्रतिपिंडं आपापलं हिमोग्लोबिन पकडतात. यंत्र नाही, वीज नाही. जुन्या चाचणीत रक्त मिसळलेलं द्रावण गढूळ झालं का ते पाहायचं, पण त्यातून वाहक कोण आणि रुग्ण कोण हे कळत नाही. मग नमुना शहरात पाठवायचा. सुपा धरण आमच्याच तालुक्यात, तरी पावसाळ्यात आमच्या वाडीत वीज दोन-दोन दिवस नसते आणि बस सकाळी एकच. तिथे यंत्र काय कामाचं?

अर्थात कार्डाचेही नखरे आहेत. ते तीस अंशांच्या आत ठेवायचं असतं. गडचिरोलीच्या मे महिन्यात आम्ही ते थर्माकोलच्या पेटीत बर्फाच्या पिशव्यांसोबत बाळासारखं सांभाळतो. थॅलेसेमियाचा वाहक त्यावर कळत नाही आणि नुकतंच रक्त चढवलं असेल तर निकाल फसवतो. म्हणून 'एस' दिसला की पक्की तपासणी हवीच.

केंद्र सरकारने 1 जुलै 2023 रोजी शहडोलहून सिकल सेल निर्मूलन मोहीम सुरू केली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांना तपासायचं उद्दिष्ट आहे. सतरा राज्यांत महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्ही आहेत.

पण कार्ड वाचणं सोपं, घरी सांगणं अवघड. आई म्हणाली, "कुणाला बोलू नकोस गं, स्थळं यायची नाहीत." मी एका स्थळाला सांगितलं आणि त्यांनी खरंच नकार कळवला. नकाराचं वाईट वाटलं नाही. मुलाने स्वतःचं बोट टोचायचीही तयारी दाखवली नाही, याचा मात्र राग आला. त्याच्या हिमोग्लोबिनमध्ये दोष नसता तर आमच्या कुठल्याही मुलाला हा आजार झाला नसता. दोघेही वाहक असतो, तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक अशी शक्यता असती. पत्रिकेतले छत्तीस गुण बघायला त्यांच्याकडे वेळ होता, या पाच मिनिटांना नव्हता.

यंदा दिवाळीला येताना मी स्वतःच्या पैशाने दोन कार्डं आणली. आईला तपासायचं म्हणत नव्हते. तिला वाटत होतं, दोष तिच्याकडूनच आला. तीच संध्याकाळी पडवीत येऊन बसली आणि बोट पुढे केलं. एकच रेघ आली, 'ए'ची. तिने दोनदा विचारलं, "म्हणजे माझ्याकडून नाही ना?"

बाबा सुपारी कातरत होते. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला, दुसरं कार्ड मागितलं. त्यावर दोन रेघा आल्या. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठून, जिथे रेंज मिळते त्या फणसाखाली गेले आणि रामनगरला आत्याला फोन लावला. तिच्या मुलीचं लग्न ठरत होतं.