पान म्हणते एक, लंबक म्हणतो दुसरेच!

विद्यार्थी मित्रहो, परीक्षेत हमखास विचारला जाणारा एक प्रश्न घ्या : 'साध्या लंबकाचा दोलनकाल कशावर अवलंबून असतो?' दोलनकाल म्हणजे लंबकाला एका टोकापासून निघून पुन्हा त्याच टोकाला येण्यास लागणारा वेळ, हे तुम्हाला ठाऊक आहेच. पूर्वी या प्रश्नाचे उत्तर हवे असले की पाठ्यपुस्तक उघडावे लागे किंवा सरांना गाठावे लागे. आज घरातल्या मोबाईलवर चार शब्द टाइप केले की क्षणात डझनभर पाने हजर होतात. त्यांतल्या एखाद्या पानावर असे लिहिलेले असते : 'दोलनकाल लंबकाच्या लांबीवर अवलंबून असतो. गोळ्याच्या वस्तुमानावर तो अवलंबून नसतो आणि झोका लहान आहे की मोठा, यावरही नसतो.' उत्तर वहीत उतरले, मोबाईल बाजूला ठेवला, अभ्यास झाला!

खरेच झाला का? चला, आज या एका उत्तराची आपण कसून तपासणी करू या. इंटरनेटवरून स्वतःचे स्वतः विज्ञान कसे शिकावे, हेही त्यातून आपोआप कळेल.

आधी मोबाईल बंद!

एक मजबूत दोरा घ्या आणि त्याला एक जड कुलूप बांधा. दोऱ्याचे दुसरे टोक दाराच्या चौकटीला खालच्या अंगाने ठोकलेल्या खिळ्याला बांधा. खिळ्यापासून कुलपाच्या मध्यापर्यंतचे अंतर बरोबर १ मीटर ठेवा. झाला आपला लंबक तयार. आता वहीत तुमचा अंदाज लिहा : कुलूप जास्त जड केले तर वेळ बदलेल का? दोरा आखूड केला तर? झोका मोठा घेतला तर? अंदाज चुकला तरी हरकत नाही. मात्र तो प्रयोगाच्या आधी लिहिलेला असला पाहिजे.

कुलूप सुमारे १७ सेंटिमीटर बाजूला ओढून सोडा. हा साधारण १० अंशांचा झोका झाला. दहा दोलनांना किती वेळ लागतो तो मोजा. एकच दोलन मोजू नका, कारण घड्याळाचे बटण दाबताना आपल्या हातून सेकंदाचा दोन-तीन दशांश इकडे तिकडे होतोच. दहा दोलनांत ही चूक वाटली जाते. उत्तर सुमारे २० सेकंद येईल. आता कुलपाऐवजी दुसरे जड कुलूप बांधा, अंतर तेवढेच ठेवा. पुन्हा २० सेकंद! पान बरोबर सांगत होते. दोरा आखूड करून अंतर २५ सेंटिमीटर करा. आता १० सेकंद. लांबी चौथाई केली आणि वेळ निम्मा झाला. हेही बरोबर.

आता शेवटची परीक्षा. पुन्हा १ मीटर लांबी घ्या. दोरा ताणलेला ठेवून कुलूप त्याच्या सर्वांत खालच्या जागेपेक्षा अर्धा मीटर वर येईपर्यंत बाजूला न्या. हा ६० अंशांचा कोन झाला. धाकट्या भावंडांना दूर उभे करा आणि मग सोडा. मोजा दहा दोलने. २० नव्हे, २१ सेकंदांच्या आसपास वेळ लागेल!

खोडरबर खाली ठेवा

आता तुमच्यापुढे खरा पेच उभा राहतो. पान म्हणते, झोक्याच्या आकाराने फरक पडत नाही. तुमच्या वहीत मात्र २१ लिहिलेले आहे. तुम्ही काय कराल? 'आपलेच काहीतरी चुकले' असे म्हणून २१ खोडून २० लिहाल? प्रयोगवहीत असे पुष्कळदा होते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

पण थोडे थांबा. प्रयोग आणखी दोनदा करून पहा. तिन्ही वेळा वेळ जास्तच आला, तर दोष तुमच्या हाताचा नाही. हाताची चूक दोन-तीन दशांश सेकंदांची, आणि इथे फरक एक सेकंदाच्या आसपासचा आहे. शिवाय हाताची चूक कधी कमी, कधी जास्त अशी येते. दर वेळी एकाच बाजूला जात नाही. तुमचा आकडा खरा आहे, तो तसाच राहू द्या.

आता मोबाईल उघडा

या वेळी मात्र प्रश्न बदलून विचारा : 'मोठ्या कोनातून सोडलेल्या लंबकाचा दोलनकाल'. जी पाने समोर येतील, त्यांत पहिल्या पानाने गाळलेले तीन शब्द सापडतील : 'कोन लहान असल्यास'. म्हणजे पहिले पान खोटे नव्हते, अपुरे होते. नियम खरा, पण तो कोठवर चालतो हे सांगायचे राहून गेले होते.

असे का होते, ते पहा. लंबक मधल्या जागेपासून दूर गेला की गुरुत्वाकर्षण त्याला परत ओढते. ही ओढ कोनाच्या साइनच्या प्रमाणात असते. १० अंशांची साइन ०.१७३६ आणि ६० अंशांची ०.८६६०. म्हणजे ६० अंशांच्या झोक्यात लंबकाला मधल्या जागेपर्यंत येण्यासाठी सहापट लांब वाट कापायची असते, पण सुरुवातीची ओढ मिळते पाचपटच! ओढही सहापट असती, आणि वाटेत सर्वत्र ती त्याच प्रमाणात राहिली असती, तर वेळ सारखा लागला असता. ओढ कमी पडते, म्हणून लंबक मागे पडतो. गणिताने हा फरक ६० अंशांना सुमारे ७ टक्के येतो. म्हणजे दहा दोलनांना २१.५ सेकंद लागायला हवेत. तुमचे उत्तर याहून थोडे कमी येते, कारण हवेच्या विरोधाने झोका हळूहळू लहान होत जातो. १० अंशांच्या झोक्यात मात्र हा फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी असतो. तो आपल्या घड्याळात दिसतच नाही.

हा गोंधळ काही आजचा नाही, बरे का! खुद्द गॅलिलिओने १६०२ साली एका पत्रात लहान-मोठ्या सर्व झोक्यांना सारखाच वेळ लागतो असे मांडले होते. पुढे ख्रिस्तियान हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने १६५६ साली लंबकाचे घड्याळ बनवले. घड्याळ अचूक चालवायचे, तर हा बारीक फरक दुर्लक्षून चालणार नव्हते. गोळा वर्तुळाच्या कंसातून न जाता चक्रज नावाच्या वक्रावरून गेला, तर मात्र सर्व झोक्यांना नेमका सारखा वेळ लागतो, हे त्याने १६७३ सालच्या आपल्या ग्रंथात सिद्ध केले. म्हणजे गॅलिलिओचे विधानही तपासूनच घ्यावे लागले. मग एखाद्या संकेतस्थळाची काय कथा?

पडद्यावरचा लंबक

इंटरनेटवर नुसती वाचायचीच पाने असतात असे नाही. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात २००२ साली कार्ल वीमन यांनी 'फेट' हा प्रकल्प सुरू केला. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले होते. या संकेतस्थळावर विज्ञानाचे प्रयोग पडद्यावर करता येतात, तेही विनामूल्य, आणि त्यांतले अनेक मराठीतही आहेत. तिथल्या लंबकाची लांबी, वस्तुमान आणि कोन तुम्ही हवा तसा बदलू शकता. घर्षण शून्य करता येते. ते घरच्या कुलपाला कधीच जमणार नाही! १ मीटर लांबी आणि ६० अंश घेऊन पहा. दोलनकाल सुमारे २.१५ सेकंद येतो की नाही? तुमचा दोरा खरेच बोलत होता.

पुण्याच्या आयुका संस्थेतील मुलांच्या विज्ञान केंद्रात अनेक वर्षे काम केलेले अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावरही टाकाऊ वस्तूंपासून करायच्या असंख्य खेळण्यांची कृती आणि मराठी पुस्तके आहेत. तीही वाचून ठेवून देण्यासाठी नाहीत, करून पाहण्यासाठी आहेत.

पान वाचावे कसे?

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत वेबची कल्पना मांडली, ती शास्त्रज्ञांना एकमेकांची माहिती सहज मिळावी म्हणून. १९९३ साली सर्नने ती सर्वांना खुली केली. त्यामुळे आज कोणीही पान लिहू शकतो. म्हणूनच वाचणाऱ्यावर जबाबदारी येते. पान उघडण्याआधी आपला अंदाज लिहा. वाचताना तीन गोष्टी विचारा : हे कोणी लिहिले? हे कोणत्या परिस्थितीत खरे आहे? आणि मला हे कसे तपासता येईल? मग पान बंद करून तीच गोष्ट आपल्या शब्दांत घरी कोणाला तरी सांगा. जिथे अडखळाल, तिथे समजायचे राहिले आहे असे जाणा.

शिक्षकांना एक विनंती. वर्गात एकच मोबाईल असला तरी पुरे. आधी मुलांची सर्व मोजमापे फळ्यावर लिहून घ्यावीत, न जुळणारीसुद्धा. पान नंतर दाखवावे. न जुळणारा आकडा खोडायला न सांगता तो का आला, हे वर्गाला विचारले, तर त्या तासाला मुले जे शिकतील ते कोणत्याही पानावर मिळणार नाही.

जाता जाता एक कोडे. फेटच्या लंबकात पृथ्वी, चंद्र आणि गुरू यांच्याबरोबर 'ग्रह एक्स' नावाचा एक अनोळखी ग्रहही आहे. तिथले गुरुत्वीय त्वरण किती, हे सांगितलेले नाही. ते तुम्ही लंबकाच्या साहाय्याने शोधून काढायचे आहे. त्यासाठी झोका किती अंशांचा घ्याल, हे आता सांगायला नकोच. मग लागताय ना कामाला?